घंटी वाजवणाऱ्याला यंत्र का सुचत नाही?

आळशी हा शब्द आपल्या देशात कोणाला लावला जातो, ते एकदा नीट पाहिले पाहिजे. सकाळपासून विटा वाहून दुपारी झाडाखाली पाठ टेकणारा मजूर आळशी ठरतो. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने एक दिवस खाडा केला की ती कामचुकार ठरते. राखीव जागेवर लागलेला कारकून क्षणभर टेबलावरून उठला की, 'यांना कामच नको असते' अशी कुजबुज सुरू होते. पण जो माणूस हाताच्या अंतरावरचा पाण्याचा पेला स्वतः उचलत नाही, त्यासाठी घंटी वाजवून शिपायाला बोलावतो, त्याला कोणी आळशी म्हणत नाही. त्याला साहेब म्हणतात!

हे सांगण्याचे कारण असे की, हल्ली एक वाक्य मोठ्या कौतुकाने ऐकवले जाते. जगातले सोयीचे सारे शोध म्हणे आळशी माणसांनी लावले. खुर्चीतून उठण्याचा कंटाळा आला म्हणून रिमोट आला, भांडी घासण्याचा कंटाळा आला म्हणून भांडी धुणारे यंत्र आले, नकला उतरवण्याचा कंटाळा आला म्हणून झेरॉक्स आले. ऐकायला हे गमतीचे वाटते आणि त्यात तथ्यही आहे. परंतु त्यातून एक प्रश्न उभा राहतो. आळसातूनच यंत्रे जन्माला येत असतील, तर ज्या देशात एका वर्गाने शेकडो वर्षे स्वतःच्या हाताने झाडू उचलला नाही, तो देश यंत्रांचे माहेरघर व्हायला हवा होता. तो का झाला नाही? आपल्या घरातली आणि कचेरीतली बहुतेक यंत्रे बाहेरून का आली? चळवळीतल्या माणसाने या प्रश्नाचा विचार केला पाहिजे. कारण त्याचे उत्तर आपल्याच हातांशी जोडलेले आहे.

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतले 1991 सालचे उदाहरण घ्या. तिथे अनेक संशोधकांमध्ये मिळून कॉफीचे एकच यंत्र होते. ते 'ट्रोजन रूम' नावाच्या खोलीबाहेर ठेवलेले असे. दुसऱ्या मजल्यांवर बसणारे लोक जिने ओलांडून कॉफीसाठी येत आणि पाहतात तो भांडे रिकामे! या हेलपाट्यांना कंटाळून क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की या दोघांनी भांड्याकडे तोंड करून एक कॅमेरा बसवला आणि त्याचे चित्र सगळ्यांच्या संगणकावर दिसेल अशी सोय केली. चित्र लहानसे, रंग नसलेले आणि मिनिटाला तीनेक वेळाच बदलणारे होते. पण भांड्यात कॉफी आहे की नाही एवढे कळायला ते पुरेसे होते. नोव्हेंबर 1993 मध्ये ते चित्र इंटरनेटवर आले आणि जगातला पहिला वेबकॅम म्हणून प्रसिद्ध झाले. 22 ऑगस्ट 2001 रोजी तो कॅमेरा बंद करण्यात आला. पुढे ते कॉफीचे भांडे लिलावात 3,350 पौंडांना विकले गेले. दूरच्या ठिकाणी काय चालले आहे ते बसल्या जागी पाहण्याची जी सवय आज जगाला लागली आहे, तिच्या सुरुवातीला एक रिकामे भांडे आणि काही थकलेले पाय आहेत.

आता हाच प्रसंग आपल्याकडच्या एखाद्या कचेरीत घडला असता तर काय झाले असते? घंटी वाजली असती. 'अरे, बघून ये रे, चहा झाला का!' एवढा हुकूम सुटला असता. शिपाई दोन जिने उतरून गेला असता, रिकामे भांडे पाहून परत आला असता आणि अर्ध्या तासाने पुन्हा गेला असता. त्याचे हेलपाटे कोणी मोजले नसते, कारण ते पाय साहेबांचे नव्हते. कॅमेरा बसवण्याची कल्पना तिथे कोणालाच सुचली नसती. साहेबांना सुचली नसती, कारण त्यांना त्रासच नव्हता. शिपायाला सुचली असती तरी त्याच्या हाती कॅमेराही नव्हता आणि संगणकही नव्हता.

केंब्रिजच्या लोकांना यंत्र सुचले ते आपल्या साहेबांपेक्षा जास्त आळशी होते म्हणून नव्हे. कॉफी झाली का ते पाहायला पाठवावे, असा माणूस त्यांच्या हाताशी नव्हता, म्हणून सुचले. आळसाला नोकर मिळाला की तो घंटी वाजवतो. नोकर मिळाला नाही तरच तो डोके चालवतो. आमच्या मते सारा प्रश्न इथेच आहे.

रिमोटचेही तेच. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने 1950 साली टीव्हीसाठी वायरने जोडलेला रिमोट विकायला काढला आणि त्याचे नावच 'लेझी बोन्स', म्हणजे आळशी हाडे, असे ठेवले. ती वायर पायात येई. म्हणून 1955 साली युजीन पॉली यांनी प्रकाशाच्या झोतावर चालणारा आणि 1956 साली रॉबर्ट ॲडलर यांनी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीवर चालणारा बिनवायरचा रिमोट तयार केला. आपल्याकडे रिमोट येण्याआधी टीव्हीचे बटण कोण फिरवत होते? घरातले सर्वांत धाकटे पोर, नाहीतर घरकामाला ठेवलेली मुलगी! ते पोर म्हणजेच घराचा रिमोट होते. ज्याच्यावर हुकूम चालतो असे कोणी घरात असले की यंत्राची निकड भासत नाही.

भांडी धुण्याच्या यंत्राची कथा तर याहून बोलकी आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावी जोसेफिन कॉक्रेन नावाची एक सुखवस्तू गृहिणी राहत होती. घरात नोकरचाकर होते. त्यांच्या हातून महागड्या चिनी मातीच्या भांड्यांचे टवके उडू लागले, म्हणून बाईंनी भांडी स्वतः घासायला घेतली. जोवर नोकर घासत होते तोवर बाईंना कोणतेही यंत्र सुचले नव्हते. स्वतःचे हात पाण्यात गेल्यावर मात्र प्रश्न पडला की, हे काम यंत्र का करू शकत नाही? पुढे 1883 साली पती वारले, मागे कर्ज राहिले, तेव्हा बाईंनी हे यंत्र हाच पोटाचा धंदा करायचे ठरवले. 28 डिसेंबर 1886 रोजी त्यांना पेटंट मिळाले. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचे यंत्र मांडले गेले आणि हॉटेलवाल्यांनी ते विकत घेतले. नोकरांच्या हातांना जे वर्षानुवर्षे दुखत होते, ते मालकिणीच्या हातांना कळले तेव्हा यंत्र तयार झाले. यातला कडवटपणा लक्षात घ्या!

आम्ही वकिली करतो, त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानाशी आमचा रोजचा संबंध येतो. कोर्टाच्या आवारात एक वेळ चहा मिळाला नाही तरी चालते, पण झेरॉक्सवाला नसला की काम ठप्प होते. हे यंत्र ज्याने शोधले तो चेस्टर कार्लसन हाही कायद्याच्याच कागदांत गाडलेला माणूस होता. 1906 साली जन्मलेला हा मुलगा अत्यंत गरिबीत वाढला. वडील आजारी असल्याने शाळकरी वयातच त्याला घर चालवण्यासाठी राबावे लागले. पदार्थविज्ञान शिकून तो न्यूयॉर्कमधील एका कंपनीच्या पेटंट विभागात लागला. तिथे पेटंटच्या मसुद्यांच्या आणि आकृत्यांच्या प्रती सतत लागत. त्या हाताने किंवा टाइपरायटरवर उतरवाव्या लागत, नाहीतर फोटो काढून घ्याव्या लागत, आणि त्याला खर्च फार येई. कार्लसनची नजर अधू होती आणि सांध्यांना संधिवात जडला होता. शिवाय तो रात्री कायद्याचे शिक्षण घेत होता. पुस्तके विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून ग्रंथालयात बसून तो कायद्याच्या पुस्तकांतले उतारे हाताने लिहून काढी.

त्या दुखऱ्या हाताला कंटाळूनच त्याने कोरड्या छपाईचा शोध सुरू केला. 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात, भाड्याच्या छोट्या जागेत, त्याने आपल्या सहायकासह पहिली नक्कल काढली. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यावर विद्युतभार आणायचा, अक्षरे लिहिलेली काच त्यावर धरून उजेड पाडायचा, मग बारीक भुकटी शिंपडायची आणि जी अक्षरे उमटतील ती मेणाच्या कागदावर उचलायची, अशी ती पद्धत होती. वीसहून अधिक कंपन्यांनी त्याला नकार दिला. अखेर 1959 साली झेरॉक्स 914 हे कार्यालयात वापरण्याजोगे यंत्र बाजारात आले. कार्लसनला अमाप पैसा मिळाला आणि 1968 साली मरण येण्यापूर्वी त्यातला फार मोठा भाग त्याने गाजावाजा न करता दान केला. कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांच्या कार्याला त्याने मदत केली आणि 1966 साली रॉचेस्टर येथे स्थापन झालेल्या झेन बौद्ध केंद्रालाही कार्लसन दांपत्याने आधार दिला.

एका कारकुनाचा हात दुखला आणि त्यातून निघालेले यंत्र आज आपल्या माणसाच्या केवढ्या कामाला येते! जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, एफआयआरची नक्कल, मोर्चाचे पत्रक, यांतले काय झेरॉक्सशिवाय झाले? एके काळी दप्तरातला कागद पाहायलाही कारकुनाच्या हातापाया पडावे लागत होते. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने नक्कल मागण्याचा हक्क दिला. केंद्राच्या नियमांप्रमाणे साध्या पानाला दोन रुपये भरून ती मिळते. नक्कल करणारे यंत्र नसते तर हा हक्क कागदावरच राहिला असता.

टायपिंगचे काम केलेल्या मंडळींना पांढरा व्हाइटनर ठाऊक आहे. हा शोध बेट नेस्मिथ ग्रॅहम या टायपिस्ट बाईचा. अमेरिकेत डॅलस शहरातल्या एका बँकेत ती सेक्रेटरी होती आणि एकटीच्या कमाईवर मुलाला वाढवत होती. नव्या विजेच्या टाइपरायटरवर चूक झाली की खोडरबराने सारा कागद बरबटून जाई आणि पान पुन्हा टाइप करावे लागे. बँकेच्या खिडक्यांवर चित्रे काढणारे रंगारी आपली चूक खोडत नाहीत, तिच्यावर रंगाचा हात फिरवतात, हे तिने पाहिले. मग तिने पांढरा रंग बाटलीत भरला आणि बारीक ब्रशने चुका झाकायला सुरुवात केली. 1956 पासून ती हा द्रव विकू लागली आणि 1979 साली तिची कंपनी 4 कोटी 75 लाख डॉलरना विकली गेली. बँकेत तिच्याहून शिकलेले आणि तिच्याहून जास्त पगाराचे साहेब पुष्कळ होते. त्यांना हे का सुचले नाही? कारण पान पुन्हा टाइप करण्याची शिक्षा त्यांना नव्हती.

या साऱ्या उदाहरणांतून आम्हाला तीन गोष्टी दिसतात. यंत्र सुचायला कामाने दुखावलेला हात लागतो. त्या हाताला शिकलेल्या डोक्याची आणि हत्यारांची जोड लागते. आणि तिसरे म्हणजे, सुचलेल्या कल्पनेवर आपला हक्क सांगण्याची मुभा लागते. कार्लसनकडे या तिन्ही गोष्टी एकत्र होत्या. हात दुखत होता, पदार्थविज्ञान येत होते आणि पेटंटचा कायदा तर त्याच्या रोजच्या कामाचा होता.

जातिव्यवस्थेने नेमक्या या तीन गोष्टी एकमेकींपासून तोडल्या. हात एका जातीचा, डोके दुसऱ्या जातीचे आणि फळ तिसऱ्याचे! ज्याच्या हातात आरी आणि रापी होती, त्याला अक्षर नाकारले. ज्याच्या हातात पोथी होती, त्याला हत्याराला शिवणे कमीपणाचे वाटले. कष्ट करणाऱ्याचा त्रास विद्येपर्यंत पोहोचला नाही आणि विद्या कष्टापर्यंत पोहोचली नाही. बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात दाखवून दिले की, जो धंदा जन्माने लादला जातो आणि जो धर्माने हलका ठरवला आहे, त्यात माणसाचे मन आणि बुद्धी रमत नाही. त्यापासून सुटावे, एवढीच त्याची इच्छा असते. मग त्या धंद्यात सुधारणा कशी होणार? तरीही आपल्या कारागिरांनी चामडे, दोर, टोपल्या, लोखंड यांत जे कसब मिळवले, त्याची नोंद कोणी ठेवली नाही आणि त्याच्या मागे कोणाचे नावही लागले नाही.

हा रोग केवळ भारतातला नाही. गुलामगिरी जिथे जिथे होती, तिथे तो दिसतो. पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीत हेरॉन नावाचा थोर यंत्रज्ञ होता. वाफेच्या जोराने गरगर फिरणारा गोळा त्याने आपल्या ग्रंथात वर्णन करून ठेवला आहे. नाणे टाकले की पवित्र पाणी देणारे यंत्र आणि वेदीवर अग्नी पेटवला की आपोआप उघडणारे देवळाचे दरवाजे हेही त्याच्या ग्रंथात आहेत. म्हणजे वाफेची शक्ती माणसाला तेव्हाच दिसली होती. पण ती खेळण्यात आणि देवळाच्या चमत्कारात राहिली. धातुकाम आणि इंधन यांच्या अडचणी होत्याच, परंतु गुलामांच्या पाठी मुबलक असताना त्यांचे ओझे हलके करण्याची घाई कोणाला होती? यंत्राने पुजाऱ्याची शान वाढवली, राबणाऱ्याचे ओझे मात्र तसेच राहिले. आमच्या वाचकांना यात ओळखीचे काहीतरी दिसेल.

घरातल्या सोयीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे संडास. लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 साली पाण्याने धुऊन जाणाऱ्या आणि वाकड्या नळीत पाणी अडवून दुर्गंधी रोखणाऱ्या संडासाचे पेटंट घेतले. आपल्याकडे मैला हाताने उचलायला लावणे आणि कोरडे संडास बांधणे याला बंदी करणारा केंद्राचा कायदा 1993 साली आला. मधली 218 वर्षे कुठे गेली? आपल्याकडे बुद्धी नव्हती काय? नळी वाकवण्याचे ज्ञान नव्हते काय? तसे नव्हते. पहाटे मागच्या दाराने येऊन टोपली उचलणारी बाई होती! तिच्या डोक्यावरून घाण जात होती, म्हणून घरमालकाला यंत्राची गरज नव्हती. 1993 चा कायदा अपुरा ठरला, म्हणून 2013 साली दुसरा कायदा करावा लागला. 27 मार्च 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्या कामगारांच्या कुटुंबांना 10 लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने ती रक्कम 30 लाख केली. गटार साफ करणारा 'बँडिकूट' हा यंत्रमानव केरळमधील तरुण अभियंत्यांनी 2018 साली तयार करून दाखवला. म्हणजे आज यंत्र आहे आणि कायदाही आहे. तरीही माणूस गटारात उतरवला जातो, कारण उतरवायला माणूस मिळतो आणि त्याच्या जिवाचे मोल यंत्राच्या किमतीपेक्षा कमी धरले जाते.

घरातल्या बाईच्या श्रमाचीही हीच तऱ्हा आहे. पहाटे उठून जाते ओढणाऱ्या बायांच्या ओव्यांचे कौतुक झाले, पण त्यांच्या खांद्यांची चौकशी कोणी केली नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा आपल्या आयाबहिणींनी जात्यासाठी अश्रू ढाळले नाहीत. त्या डबा घेऊन गिरणीच्या रांगेत उभ्या राहिल्या! मिक्सरची गोष्ट मुंबईतली आहे. 1960 च्या दशकात इथल्या सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरचा परदेशी मिक्सर भारतीय वाटण वाटताना बिघडला. ओली डाळ, खोबरे, सुक्या मिरच्या यांच्यासाठी तो बनलेलाच नव्हता. त्यांनी जास्त ताकदीची मोटार बसवून नवे यंत्र तयार केले आणि 'सुमीत' हे नाव देशभरच्या स्वयंपाकघरांत पोहोचले. पाट्यावरवंट्यापाशी बसणारी बाई आणि मोटारीचे ज्ञान असलेला माणूस एकाच घरात होते, म्हणून हे घडले. त्रास आणि ज्ञान एका छपराखाली आले की किती थोडा वेळ लागतो, ते यावरून दिसते.

इथे कोणी म्हणेल की, बुद्धांनी तर आळसाला मनाचा अडसर म्हटले आहे, मग तुम्ही आळसाची बाजू कशी घेता? हा गैरसमज आहे. बुद्धांनी थीनमिद्ध, म्हणजे मनाची सुस्ती, त्याज्य मानली. शरीराचे विनाकारण हाल करणे हा मार्गही त्यांनी तितकाच त्याज्य मानला. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक साधा प्रसंग आहे. भिक्खूंना विहिरीतून पाणी ओढताना हात दुखू लागले. ही गोष्ट बुद्धांच्या कानावर गेली. त्यांनी भिक्खूंना सहनशक्तीचा उपदेश केला नाही आणि पाणी ओढायला एखादा हलक्या जातीचा माणूस ठेवा, असेही सांगितले नाही. त्यांनी पाणी वर काढण्याच्या दांड्याला आणि रहाटाला परवानगी दिली. दुखऱ्या हातावर यंत्र हा उपाय आहे, दुसऱ्याचा हात हा उपाय नाही! अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा निर्णय आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

बाबासाहेबांची भूमिका याच वाटेवरची आहे. 1945 साली काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधी विचाराचा खरपूस समाचार घेतला. माणूस आणि पशू यांच्यातला फरक फुरसतीने पडतो, यंत्र फुरसत देते आणि फुरसत मिळाली तरच सामान्य माणसाला ज्ञान आणि संस्कृती यांचा लाभ होतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते केवळ लिहून थांबले नाहीत. 1942 ते 1946 या काळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. त्या काळाच्या अखेरीस, 1946 साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आले. दमलेल्या माणसाला आळशी म्हणून हिणवणाऱ्यांना बाबासाहेबांचे उत्तर होते की, विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे.

पण आज सावध राहिले पाहिजे. सोयीच्या नावाखाली जुनी घंटी नव्या रूपात परत आली आहे. मोबाइलवर बोट ठेवले की काही मिनिटांत दूध, औषध, जेवण दारात येते. लोकांना वाटते, केवढे हे तंत्रज्ञान! त्या बोटाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? उन्हापावसात दुचाकी दामटणारा एक पोरगा आहे. त्याला कामगार म्हणायचे नाही, 'भागीदार' म्हणायचे! अनेक इमारतींत त्याला रहिवाशांच्या लिफ्टमध्ये चढू देत नाहीत. म्हणजे जिने चढण्याचा त्रास वाचवण्यासाठी आलेल्या यंत्रातही शिवाशीव घुसली. हे यंत्र श्रम वाचवत नाही, श्रम नजरेआड करते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची व्याख्या आली आणि राजस्थानने 2023 साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्या वस्त्यांतली हजारो मुले या धंद्यात आहेत. त्यांच्या हक्काचा लढा हा चळवळीचा लढा आहे.

यंत्राने माणसाची भाकरी जाते, ही भीतीही खोटी नाही. झेरॉक्स आणि संगणक आले आणि कोर्टाबाहेरचे किती टायपिस्ट रिकामे झाले, ते आम्ही पाहिले आहे. पण यावर उपाय माणसाला जुन्याच ओझ्याखाली ठेवणे हा नाही. गटारात उतरणाऱ्याला यंत्राने मोकळे करायचे आणि ते यंत्र चालवण्याचे शिक्षण, नोकरी आणि मालकी त्यालाच द्यायची, ही आपली मागणी असली पाहिजे. नाहीतर यंत्र येईल, त्याचे कंत्राट दुसऱ्याला जाईल आणि आपला माणूस दोन्हीकडून मरेल.

म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे. तुमच्या आईला कोणत्या कामाने कंबरदुखी लागली, वडिलांच्या हाताला कशाने घट्टे पडले, ते बारकाईने पाहा. त्याची लाज वाटू देऊ नका. अभियांत्रिकीला गेलेल्या मुलांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कुठून तरी विकत आणू नये. भंगार निवडणाऱ्या, भाजीची हातगाडी ढकलणाऱ्या, हंड्याने पाणी वाहणाऱ्या माणसाचा एक त्रास निवडावा आणि त्यावर काम करावे. ही माहिती कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेत नाही. ती तुमच्या घरात आहे.

आणि काही सुचले तर कायद्याची बाजू सांभाळा. वकील या नात्याने एवढे सांगतो की, 1970 च्या पेटंट कायद्याप्रमाणे शोध नवा असावा लागतो. अर्ज करण्याआधीच तो प्रदर्शनात मांडला, छापला किंवा मोबाइलवरून जगभर पाठवला, तर हक्क गमावण्याचा धोका असतो. आधी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. एकट्या व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची फी 1,600 रुपये आहे. तपासणीची फी वेगळी लागते. पेटंट मिळाले तर अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे हक्क राहतो. मुंबईत पेटंट कार्यालय आहे. आपल्या विहारांत स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालतात, ते चाललेच पाहिजेत. त्यांच्या शेजारी एक टेबल, काही हत्यारे आणि आठवड्यातून एकदा येणारा एखादा अभियंता आणि एखादा वकील, एवढी सोय करणे आपल्या कर्मचारी संघटनांना अवघड नाही.

शंभर पिढ्यांचा थकवा आपल्या हातात साठलेला आहे. तो वाहून नेणाऱ्यांना आजवर आळशी म्हटले गेले. त्याच हातांच्या मुलांपर्यंत आता शिक्षण पोहोचले आहे, आणि त्यांनी हत्यार हाती घेतले तर या देशात जी यंत्रे तयार होतील ती साहेबांच्या टेबलावर वाजण्यासाठी नसतील. त्यांची सुरुवात गटारापासून, उकिरड्यापासून आणि पाणवठ्यापासून होईल.